धुराच्या पलीकडे काय आहे: पीटेड स्कॉच पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

पीटेड सिंगल माल्ट, म्हणजे धुराच्या वासाची स्कॉच व्हिस्की, पहिल्यांदा नाकाजवळ नेणारा माणूस बहुतेक वेळा एकच शब्द बोलतो, डेटॉल. कुणाला बँडेज आठवतं, कुणाला डांबर, कुणाला सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, आणि मग ग्लास हळूच बाजूला सरकतो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तो वास खोटा नाहीये, तो असतोच, पण त्याच्या मागे एवढं काही भरलेलं असतं आणि लोक उंबऱ्यावरूनच परत जातात.

गावी चुलीपाशी बसलाय का कधी? पहिली पाच मिनिटं डोळ्यांतून पाणी येतं, नाक नुसतं धुराने भरतं. मग कधीतरी तो धूर जाणवेनासा होतो आणि तव्यावरच्या भाकरीचा वास यायला लागतो, पीठ कुठे करपलं तेही कळतं. धूर तेवढाच असतो, नाकाने त्याला जागा करून दिलेली असते. पीटेड व्हिस्की चाखायची म्हणजे हेच करायचं. बाकीच्या पायऱ्या सगळ्या त्यासाठी.

हा धूर येतो कुठून

हे आधी समजून घ्या, कारण ह्यात गैरसमज फार आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, नाव आयला. स्पेलिंग बघून लोक इस्ले म्हणतात पण उच्चार आयलाच, आपण चकित झालो की तोंडातून निघतं तेच, त्यामुळे मराठी माणसाने तरी विसरायला नको. तिथे झाडं कमी आणि पीट भरपूर. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ, गवत, झुडपं हजारो वर्षं अर्धवट कुजत एकावर एक दाबली जाऊन झालेली काळी, तंतुमय माती, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर थर चढतो म्हणतात. ती विटांसारखी कापायची, उघड्यावर वाळवायची आणि जाळायची, म्हणजे आपल्याकडे गोवऱ्या वाळत घालतात तशातलाच प्रकार.

आता व्हिस्कीसाठी बार्ली भिजवून मोड आणतात, मोड आले की ते थांबवायला दाणा सुकवावा लागतो, आणि सुकवताना खाली पीट पेटवलं की धूर ओल्या दाण्याच्या सालीला धरतो. दाणा सुकला की मग कितीही धूर करा, फारसा चिकटत नाही. त्या धुरातली फिनॉल म्हणून जी संयुगं आहेत ती पुढे आंबवणं, गाळणं, पिंपात वर्षानुवर्षं मुरणं ह्या सगळ्यातून जगून तुमच्या ग्लासापर्यंत येतात. बऱ्याच जणांना वाटतं पिंप आतून जाळतात म्हणून धूर येतो, तर तसं नाहीये, जाळलेल्या ओकमधून मुख्यत्वे व्हॅनिला, कॅरमेल, मसाल्याची गोडी येते. आणि तिथल्या पीटवरून वाहणाऱ्या तपकिरी पाण्याची कितीही गोष्ट सांगोत, धूर येतो तो धान्यातूनच.

पीपीएम नावाचा आकडा तुमच्या कानावर पडेल. दहा लाखांत किती भाग फिनॉल, ते मोजतात. आयलावरच्याच डिस्टिलऱ्यांचं बघा, बोमोर साधारण २५, लफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५ च्या आसपास, आणि ब्रुकलाडीवाले ऑक्टोमोर काढतात त्यातल्या एकीचा आकडा तर ३०९ वर गेलेला. नवीन माणूस ह्या आकड्याच्या मागे लागतो, मीही लागलो होतो. पण हा आकडा सुकवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही, मधे बरंच फिनॉल गळून जातं. सगळ्यात चांगलं उदाहरण लागावुलिन आणि कल ईला. दोघींची बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून, म्हणजे बार्लीला मोड आणून सुकवणाऱ्या कारखान्यातून येते, आकडा ३५ च्या आसपास दोघींचाही, तरी लागावुलिन जाड, गोडसर, भारदस्त आणि कल ईला हलकी, लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ. भट्टीचा आकार काय, ती किती भरतात, किती सावकाश गाळतात, गाळताना कुठल्या क्षणी धार तोडतात ह्यावर सगळं फिरतं. फिनॉल धारेत उशिरा येतं, त्यामुळे उशिरा तोडली की धूर जास्त आणि जडही.

बाटली कुठली घ्यायची

एकट्याने अख्खी बाटली घेऊ नका, हा माझा पहिला सल्ला. तीन-चार जणांनी वर्गणी काढा. कुणी परदेशातून येत असेल तर येताना माणशी २ लिटर आणता येते, तेव्हा ड्यूटी फ्रीमधून एक मोठी मागवण्यापेक्षा दोन वेगळ्या मागवा, तुलना केल्याशिवाय ह्यात काही कळत नाही. आणि महाराष्ट्रात असाल तर वय २५ पूर्ण पाहिजे आणि परवाना काढून ठेवा, एवढं सांगून ठेवतो.

माझ्या मते सुरुवातीला टॅलिस्कर १० सारखी दुसरी नाही. ही आयलाची नव्हे, स्काय नावाच्या बेटावरची, ४५.८ टक्के अल्कोहोलची. धूर मध्यम, त्यात मीठ आणि शेवटी काळ्या मिरीचा ठसका. माझा रत्नागिरीचा एक मित्र व्हिस्की वगैरे काही न घेणारा, त्याने नुसती हुंगली आणि म्हणाला अरे हे तर मे महिन्यात बंदरावर मासळी सुकत घालतात तिथलं वारं आहे. त्याने एका वाक्यात जे पकडलं ते मला चार वेळा पिऊन पकडता आलं नव्हतं.

पुढची पायरी कल ईला १२ किंवा बोमोर १२, त्यानंतर लागावुलिन १६, आणि मग लफ्रॉइग १० नि आर्डबेग १०. लफ्रॉइग सगळ्यात जास्त औषधी, आयोडीन, टिंक्चर लावलेला कापूस. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हाही ती औषध म्हणून तिथे विकली जायची, ह्यावरून काय ते समजा. ती पहिलीच बाटली म्हणून घेतलीत तर कदाचित शेवटची ठरेल, म्हणून थोडं थांबा म्हणतोय, बाकी मला स्वतःला ती जिवापाड आवडते. आपल्याकडच्या बघायच्या असतील तर गोव्याची पॉल जॉन बोल्ड आणि बंगळुरूची अमृत पीटेड, दोन्ही स्कॉच नाहीत पण पीट स्कॉटलंडचंच, आणि आपल्या उष्ण हवेत लवकर मुरल्यामुळे फळांची गोडी जास्त. सरावाला एकदम चांगल्या.

लेबल वाचताना दोन-तीन गोष्टी बघा. सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली, आणि ४० टक्क्यांच्या खाली नाही. वय लिहिलं असेल तर ते आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय. इथे एक उलटी गंमत आहे, पीटेडमध्ये जास्त वय म्हणजे जास्त धूर असं होत नाही, पिंपात वर्षं जातील तसा धूर मवाळ होतो, म्हणून लागावुलिनची ८ वर्षांची १६ पेक्षा जास्त टोकदार लागते. ४६ टक्के किंवा वर असेल आणि चिल फिल्टर, म्हणजे गार करून गाळलेली नाही असं लिहिलं असेल तर मला बरं वाटतं, तोंडात अंग, म्हणजे जाडपणा जास्त येतो.

बसायच्या आधी

हे लोकांना फालतू वाटतं आणि इथेच सगळं बिघडतं. एकदा आमच्याकडे चार जण जमलो होतो, नवीन लागावुलिन फोडायची होती, आत बांगडे तळत होते, दिवाणखान्यात नुकतीच अगरबत्ती लागलेली आणि एकाने भरपूर परफ्यूम मारलेला. कुणालाच काही कळलं नाही, धूर आहे, बरी आहे, संपलं. पुढच्या रविवारी सकाळी अकराला मी त्याच बाटलीतली थोडीशी ओतली, घरात फोडणी पडायच्या आधी, खिडकी उघडी, आणि त्याच व्हिस्कीत मला संत्र्याची साल, उकळलेला कोरा चहा, भिजवलेल्या मनुका असं एकेक दिसत गेलं. बाटली तीच होती हो.

तर जेवणाच्या आधी बसा, पोट अगदी रिकामंही नको. लसूण, कांदा, पान, तंबाखू, सिगरेट, च्युइंगम सगळं आधी तासभर बंद. हात धुवायला वासाचा साबण नको, कारण ग्लास हातातच असणार आहे. साधं प्यायचं पाणी जवळ ठेवा. गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी बसूच नका.

ग्लास बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न म्हणून खास ग्लास मिळतो तो उत्तम, नाहीतर वाइनचा लहान ग्लास चालतो. पेगचा रुंद ग्लास कृपा करून नको, त्यात वास उडून जातो आणि उरते ती नुसती स्पिरिटची झणझण. ओतायची किती, तर १५ ते २० मिली. पूर्ण पेग भरला की माणूस प्यायला लागतो, चाखत नाही. ओतून दहा मिनिटं नुसती ठेवून द्या.

रंगावर मी दोनच वाक्यं खर्च करणार. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं समजू नका, आणि आर्डबेग १० वाळलेल्या गवतासारखी फिकी असते तरी तिच्या धुरापुढे भल्याभल्या गडद बाटल्या मागे पडतात.

हुंगायचं कसं

ग्लास थेट नाकात घालू नका, घातलात तर अल्कोहोल नाक बधिर करून टाकेल. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. जिथे पहिला वास लागेल तिथेच थांबा. पहिला येणार तो धूरच, येऊ दे. आता त्या धुराला नुसतं धूर म्हणून सोडून देऊ नका, कुठला धूर ते स्वतःला विचारा. हुरड्याच्या शेकोटीचा की होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या गार राखेचा? पावसाळ्यात पेट न घेणाऱ्या ओल्या लाकडाचा, की गॅसवर वांगं भाजताना साल करपते त्याचा? की धूर असा नाहीच, टिंक्चर आहे, रस्त्यावर डांबर उकळतं ते आहे, ओल्या दोरखंडाचा वास आहे? ह्यामागे रसायनं वेगवेगळी असतात, औषधी वास प्रामुख्याने क्रेसॉल नावाच्या फिनॉलांचा आणि शेकोटीचा गोड धूर ग्वायाकॉलचा. लवंगेतलं युजेनॉल ह्या ग्वायाकॉलचंच नातेवाईक, म्हणून काही पीटेड व्हिस्कीत लवंग आल्यासारखी वाटते ती उगाच नाही वाटत.

पीट कुठलं त्यानेही फरक पडतो. ऑर्कनी बेटांवर वाऱ्यामुळे झाडं जवळजवळ नाहीत, तिथलं पीट हेदरच्या झुडपांचं, म्हणून तिथल्या हायलँड पार्क डिस्टिलरीचा धूर मधासारखा, फुलासारखा. आयलाचं पीट शेवाळाचं, आणि तिथला धूर दवाखान्याकडे झुकतो.

मग मी सुरुवातीला म्हटलं ते चुलीचं. दोन-तीन मिनिटं हुंगलंत की नाकाला धुराची सवय होते. ग्लास खाली ठेवा, स्वतःच्या दंडाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्या, पाण्याचा घोट घ्या, खिडकीबाहेर बघा, आणि परत ग्लासाकडे या. ह्या दुसऱ्या फेरीत बाकीचं वर येतं. लिंबू, सफरचंद, पेअर, भाजलेलं पीठ, व्हॅनिला, मनुका, ओला दगड. दर वेळी सगळं येईल असं नाही, एखादी गोष्ट जरी स्पष्ट आली तरी झालं. आणि शब्द तुमचेच वापरा. परदेशी लोक त्यांच्या आजीच्या मिठायांची नावं देतात, आपण ती कधी खाल्लेली नसतात, मग ती पाठ करून काय उपयोग? तुम्हाला उकडीच्या मोदकातलं जायफळ आठवलं तर जायफळ लिहा.

घोट

पहिला घोट चाखण्यासाठी नसतो, तो तोंडाला सांगायला की आता ४०-४५ टक्के येतंय. अगदी छोटा घ्या, जिभेवर पसरवा, गिळा, त्यावरून मत बनवू नका. नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो, अल्कोहोलची जळजळ आणि धूर ह्यात त्याची गल्लत होते. जळजळ लगेच येते, घशाला लागते आणि निघून जाते. धूर मागून येतो आणि रेंगाळतो.

दुसरा घोट खरा. कोरीच घ्या, आठ-दहा सेकंद तोंडात घोळवा, जवळजवळ चावल्यासारखी. आधी गोडी शोधा, बार्लीची गोडी असतेच, मग अंग कसं आहे ते बघा, पाण्यासारखं पातळ की तेलासारखं जिभेला धरून राहणारं. मग गिळा, तोंड मिटा आणि श्वास नाकातून हळू सोडा. हे नाकातून सोडणं कुणी सांगत नाही आणि सगळी मजा त्यात आहे, धूर तिथे दुसऱ्यांदा येतो आणि ह्या वेळी त्याच्याबरोबर गोडी पण असते.

पाणी

आता चमच्याने थेंब थेंब पाणी घाला. तीन-चार थेंब, ढवळा, एक मिनिट थांबा, परत हुंगा. पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या एकत्र मिसळणारे, तर नमुने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण कमी झालं की ते ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे पाण्याने धुराचा वास मोकळा होतो. क्लोरीनचा वास असलेलं नळाचं पाणी मात्र नको, आणि फ्रिजमधलं गारही नको.

बर्फाने नाक आणि जीभ दोन्ही बंद होतात. सोड्याबरोबर पीटेड फार सुंदर लागते, विशेषतः टॅलिस्कर, पण ते प्यायला बसलात तेव्हा, पारखायला बसलात तेव्हा नाही.

पारख

चांगली की वाईट हे ठरवताना धूर किती हा प्रश्न मी विचारतच नाही. मी बघतो की धूर ओसरल्यावर काही उरतं का. फळ, धान्य, मीठ, काहीही, पण काहीतरी हवं. नुसती राख उरत असेल तर ती व्हिस्की धुराच्या जिवावर उभी आहे. लागावुलिन १६ मला इतकी मोठी वाटते ती ह्याच्यामुळे, धूर आणि गोडी एकमेकांचा हात धरून शेवटपर्यंत येतात, कोण कुठे संपलं सांगता येत नाही.

मग नाक, तोंड आणि शेवट ह्या तिघांची एकवाक्यता. काहींचा वास अप्रतिम आणि तोंडात आल्यावर पाणी. शेवट लांब असला की चांगला असंही नाही, कडवट रबर दहा मिनिटं रेंगाळलं तर ते काय कामाचं, त्यापेक्षा दोन मिनिटांचा स्वच्छ शेवट बरा. पाणी घातल्यावर खुलते की मोडते, हीपण एक मोठी परीक्षा.

दोष ओळखायला शिका. जळलेल्या काडीचा, फटाक्याच्या दारूचा किंवा रबराचा वास जास्त असेल तर तो बऱ्याचदा गंधकाचा, शेरी नावाच्या वाइनच्या पिंपातून आलेला, थोडा असला तर काहींना आवडतो. कच्च्या पिठासारखा, ओल्या धान्यासारखा वास म्हणजे व्हिस्की अजून कोवळी आहे आणि धुराखाली ते झाकायचा प्रयत्न झालाय. वाइनच्या पिंपातली गोडी एवढी चढलेली की जॅम वाटावा, हाही माझ्या लेखी दोषच. आणि बाटली महिनोन् महिने पाव भागच भरलेली पडली असेल तर तिचा धूर हवेने उतरलेला असतो, त्यावरून त्या डिस्टिलरीला नावं ठेवू नका. बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही, बूच खराब होतं.

शक्य असेल तर दोन-तीन शेजारी शेजारी ठेवून चाखा, त्यापेक्षा जास्त नको, नाक थकतं. कमी धुराची आधी आणि जास्तीची शेवटी, उलटं केलंत तर पहिलीचा धूर दुसरीत घुसतो. ग्लासाच्या बुडाला नावाची चिठ्ठी लावून दुसऱ्याला ग्लास फिरवायला सांगा. नाव माहीत नसताना लोकांच्या आवडी कशा बदलतात ते बघण्यासारखं असतं, माझी स्वतःची आवड लागावुलिन १६ वरून कल ईला १२ वर गेली होती. मार्क द्यायचेच तर एकाच बैठकीतल्या ग्लासांना एकमेकांच्या तुलनेत द्या, आणि वहीत तारीख, बाटली, दोन ओळी लिहा.

चाखणा सगळं झाल्यावर. आयलावर लोक शिंपल्यांतल्या कालवांवर दोन थेंब व्हिस्की टाकून खातात, कोकणात राहत असाल आणि ताजी कालवं मिळत असतील तर नक्की करून बघा. मला निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि बाजूला खजूर हे जमतं, खारट आणि गोड दोन्ही. फरसाण आणि लसणीची शेव मात्र व्हिस्कीला गिळून टाकते.

शेवटचं काम दुसऱ्या दिवशीचं. रात्री ग्लास धुऊ नका, थेंबभर तळाशी राहू दे आणि झाकण न ठेवता तसाच ओट्यावर सोडा. सकाळी चहाच्या आधी नाकाशी धरा. अल्कोहोल सगळं उडालेलं असतं आणि काचेला फक्त धूर आणि गोडी चिकटून राहिलेली असते. मला लफ्रॉइगच्या रिकाम्या ग्लासात दर वेळी आजीच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचं पाणी येतं, लाकडाच्या धुराचा तो वास अंगाला दिवसभर यायचा. तुमच्या ग्लासात काय येतं ते वहीत त्याच पानावर लिहा, आणि मग ग्लास धुवा.